‘बरं’ आणि ‘बरं.’ यांच्यात नेमका फरक काय?

गेल्या महिन्यात आमच्या टीममधली एक जण नोकरी सोडून चालली होती, तिच्यासाठी मी चार ओळी लिहिल्या. मनापासून लिहिल्या, रात्री बसून, दोनदा खोडून. ग्रुपवर टाकल्या आणि पाच मिनिटांच्या आत एकाचा प्रश्न आला, “चॅटजीपीटीकडून लिहून घेतलंस ना?” म्हटलं का रे बाबा. तर म्हणे मधे लांब डॅश आहे. चार ओळींत एक आडवी रेघ, आणि माझं रात्रीचं जागरण पाण्यात.

हा आळ काही माझ्या एकटीवर आलेला नाही. गेली दोनेक वर्षं लांब डॅश दिसला की लोक लगेच वास घ्यायला लागतात, हे माणसाने लिहिलंय का मशीनने. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर ओपनएआयच्या सॅम ऑल्टमननी जाहीर पोस्ट टाकली की आता चॅटजीपीटीच्या सूचनांमध्ये ‘डॅश वापरू नको’ असं लिहून ठेवलंत तर ते खरंच ऐकेल. एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला एका रेघेबद्दल खुलासा करावा लागला म्हणजे प्रकरण किती तापलंय बघा.

आणि दुसरीकडे घरोघरी, ऑफिसोऑफिसी चालू असलेला तो जुना वाद आहेच. ‘ठीक आहे.’ असं टिंबासकट लिहिणारा माणूस रागावलाय, की फक्त नीटनेटका आहे? काका प्रत्येक वाक्यामागे तीन टिंबं का देतात? तीन तीन उद्गारचिन्हं देणारी मैत्रीण खरंच एवढी खूश असते का?

तर विरामचिन्हांच्या बाबतीत नियम कुठे संपतो, आवड कुठे सुरू होते आणि त्या आवडीवरून माणसं एकमेकांवर का उखडतात हे जरा सावकाश बघू. व्याकरणाचा तास नाहीये, घाबरू नका.

## आधी नावं उरकून घेऊ

शाळेत पाठ केलेली असतात पण नंतर डोक्यात सगळ्यांची खिचडी होते, म्हणून एकदाच. पूर्णविराम म्हणजे वाक्य संपल्याचं टिंब. स्वल्पविराम (,) म्हणजे छोटा थांबा. अर्धविराम (;) म्हणजे टिंब आणि त्याखाली स्वल्पविराम, जो आपल्यापैकी बहुतेकांनी दहावीनंतर वापरलेला नाही. अपूर्णविराम (:) म्हणजे उभी दोन टिंबं, ‘पुढे यादी येतेय’ असं सांगणारी. आडव्या रेघा दोन. ‘ये-जा’ मधली आखूड रेघ ती संयोगचिन्ह, शब्द जोडणारी. लांब रेघ (—) ती अपसारणचिन्ह, वाक्य मधेच तोडून बाजूचं काही सांगणारी, हिलाच इथून पुढे मी डॅश म्हणणार कारण अपसारणचिन्ह कोणी बोलताना म्हणत नाही. आणि तीन टिंबांना लोपचिन्ह म्हणतात, पण आपण तीन टिंबंच म्हणू.

झालं. आता मूळ मुद्दा.

## सिग्नल आणि हॉर्न

रस्त्यावर दोन गोष्टी असतात. सिग्नल आणि हॉर्न. सिग्नलला आवड नसते, लाल म्हणजे लाल, तिथे तुम्ही ‘मला असं आवडतं’ म्हणालात तर धडकाल. हॉर्नचं तसं नाही. कोणी हळूच एकदा पीप करतो, कोणी हात दाबूनच ठेवतो, कोणी वर्षानुवर्षं वाजवतच नाही आणि त्याचा त्याला अभिमानही असतो. हॉर्न कसा वाजवला यावरून गाडीत कोण बसलंय त्याचा अंदाज येतो.

विरामचिन्हं ही दोन्ही कामं करतात. एक काम रचनेचं, कुठला शब्द कुणाबरोबर जातो ते सांगायचं. हा सिग्नल. दुसरं काम सुराचं, हे वाक्य कुठल्या आवाजात ऐकायचं ते सांगायचं. हा हॉर्न. गंमत म्हणजे दोन्ही कामांना चिन्हं तीच.

सिग्नल तुटला तर काय होतं ते आमच्याकडे एकदा झालंय. आई मावशीकडे राहायला गेली होती, बहीण तिला आणायला निघाली आणि निघताना घरच्या ग्रुपवर तिने टाकलं, ‘आई येते’. तिला म्हणायचं होतं ‘आई, येते’, म्हणजे निघाले मी. बाबांनी वाचलं आई येते. ते लगेच बस स्टॉपवर जाऊन उभे, आणि आई तिकडे मावशीकडे बॅग भरून बहिणीची वाट बघत बसलेली. पाऊण तास गेला त्यात. एका स्वल्पविरामाने वाक्यातली कर्ती बदलली, येणारी बाई बदलली. किंवा हे बघा, ‘नाही आलो तर चालेल’ आणि ‘नाही, आलो तर चालेल’. पहिल्यात माणूस टाळतोय, दुसऱ्यात दारात उभा आहे.

आता हॉर्नकडे या. ‘हो का’ हे दोन शब्द घ्या.

‘हो का?’ म्हणजे खरंच विचारतेय. ‘हो का!’ म्हणजे अरे वा, मला माहीतच नव्हतं. ‘हो का.’ म्हणजे कळलं, आता पुरे. आणि ‘हो का...’ म्हणजे असू दे, तुला नंतर बघते.

चारही वेळा शब्द तेच, व्याकरण तेच. चिन्ह काढून टाकलं तर यातलं एकही वाक्य चुकीचं होत नाही, फक्त मुकं होतं. म्हणून इथे ‘बरोबर कुठलं’ हा प्रश्नच गैरलागू आहे, आणि नेमकी इथेच माणसं भांडतात, कारण एक जण सिग्नलचं पुस्तक काढून बसलेला असतो आणि दुसरा हॉर्नबद्दल बोलत असतो.

## मुळात ही चिन्हं आली कुठून

लोकांना वाटतं आधी व्याकरण होतं, मग त्यातून चिन्हं आली आणि आता मोबाईलवाल्यांनी त्यांची वाट लावली. झालंय बरंचसं उलटं.

प्राचीन ग्रीक मजकूर सलग लिहायचे, शब्दांमध्ये मोकळी जागासुद्धा नाही, सगळी अक्षरं एकमेकांना चिकटून. वाचायचं म्हणजे मोठ्याने वाचायचं, आणि वाचणाऱ्याने आधी तालीम करून ठरवायचं की श्वास कुठे घ्यायचा. इसवीसनापूर्वी २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे प्रमुख होते अ‍ॅरिस्टोफेनिस (नाटकं लिहिणारे ते वेगळे, हे बायझँटियमचे). यांनी मजकुरात तीन उंचीवर टिंबं द्यायची युक्ती काढली, वर, मधे आणि खाली. वरचं टिंब म्हणजे पूर्ण थांबा, बाकीची दोन त्याहून छोट्या थांब्यांची. म्हणजे ही वाचणाऱ्यासाठी केलेली खूण होती, गाणाऱ्याला कुठे थांबायचं ते लिहून द्यावं तशी. इंग्रजीतले कॉमा, कोलन आणि पिरियड हे शब्द याच पद्धतीतून आले, मुळात ती वाक्याच्या तुकड्यांची नावं होती, नंतर खुणांना चिकटली.

शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची सवय युरोपात रुळली ती सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराला आयर्लंडच्या मठांतल्या भिक्षूंमुळे. त्यांना लॅटिन ही परकी भाषा होती, सलग मजकुरातून शब्द हुडकणं जड जायचं, म्हणून त्यांनी शब्द सुटे करून टाकले. (ज्यांना भाषा अवघड जाते त्यांनीच ती सगळ्यांसाठी सोपी केली, हे मला फार आवडतं.) पुढे छपाई आली, पंधराव्या शतकाच्या अखेरीला व्हेनिसमधल्या आल्दुस मानुतियुस या छापखानेवाल्याने अर्धविराम आणला, आणि १७५४ मध्ये स्पॅनिश भाषेच्या अकादमीने ठरवलं की प्रश्नचिन्ह वाक्याच्या सुरुवातीलाही द्यायचं, उलटं करून, म्हणजे वाचणाऱ्याला आधीच कळेल की आता आवाज चढवायचाय. किती समजूतदार लोक!

थोडक्यात, सूर आधी आला. हॉर्न आधी, सिग्नल नंतर. वाक्यरचनेचे काटेकोर नियम ही पुढच्या काळातली भर, छपाई वाढली आणि लोक मनातल्या मनात वाचायला लागले तसतशी झालेली. त्यामुळे चॅटवर कोणी सुरासाठी चिन्हं वापरत असेल तर ते भाषा बिघडवतायत असं म्हणण्यात फार दम नाही.

## मराठीचं जरा वेगळंय

मोडीतली जुनी पत्रं बघितली तर सगळं सलग. वर आधी रेघ मारून घ्यायची आणि त्या रेघेला अक्षरं टांगत जायची, शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्ह नाही. तरी राज्यं चालली, हिशेब झाले, तह झाले. मग वाचणाऱ्याला वाक्य संपल्याचं कळायचं कसं?

याचं उत्तर भाषेच्या घडणीतच आहे. मराठी वाक्य सहसा क्रियापदावर संपतं, त्यामुळे ‘आहे’, ‘केले’, ‘जाणे’ आलं की कानाला कळतं, संपलं. क्रियापद हाच पूर्णविराम. आणि कोण कुणाला काय करतंय ते आपण प्रत्यय लावून सांगतो, ‘ने’, ‘ला’, ‘साठी’, त्यामुळे शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ फारसा हलत नाही. अख्खं पत्र संपल्याची खूणही होती, शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा उठवलेली असायची. इथे मर्यादा झाली, याखाली कोणी काही घुसडायचं नाही. पूर्णविरामच, फक्त राजाचा.

पद्यात आपल्याकडे उभे दंड होतेच, श्लोकात ओळीच्या शेवटी एक, कडव्याच्या शेवटी दोन. पण आज गद्यात आपण वापरतो ती चिन्हं इंग्रजीच्या वाटेने आली. मराठीत ती रुजवण्याचं श्रेय सहसा मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं, मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामात होते तेच. १८५० च्या सुमाराला त्यांनी विरामचिन्हांची परिभाषा समजावणारी एक छोटी पुस्तिकाच काढली. हिंदीने आणि बंगालीने वाक्याच्या शेवटी दंड ठेवला, मराठीने आणि गुजरातीने टिंब घेतलं.

हे सगळं सांगायचं कारण असं की मराठीत सिग्नलचं अर्धं काम प्रत्यय आणि क्रियापदं आधीच करून बसलेली असतात. चिन्हाला रचनेचं काम कमी, म्हणून सुरासाठी ते जास्त मोकळं. इंग्रजीत ज्या स्वल्पविरामावरून कोर्टकचेऱ्या होतात तो मराठीत बऱ्याचदा दिला काय आणि नाही दिला काय. ‘आई येते’सारखे अपवाद असतात, पण ते बहुतेक करून हाक मारताना आणि ‘नाही’ म्हणताना.

## मग पूर्णविराम उद्धट कधी झाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, विशेषतः माझ्यापेक्षा मोठ्या माणसांकडून. ‘आम्ही आयुष्यभर वाक्याच्या शेवटी टिंब देत आलो, आता अचानक तो शिष्टपणा कसा काय?’

पत्रात किंवा पानावर एकामागून एक वाक्यं येतात, त्यामुळे एक संपलं आणि दुसरं सुरू झालं हे सांगायला टिंब लागतंच. तिथे ते सिग्नल आहे. चॅटवर तुम्ही ‘बरं’ लिहिता आणि पाठवता. मेसेज गेला, फुगा बंद झाला, वाक्य संपलं हे डोळ्यांना दिसतंय. म्हणजे टिंबाचं काम दुसऱ्यानेच करून टाकलं. आता ज्याला काही कामच नाही असं चिन्ह कोणी मुद्दाम दिलं तर वाचणारा विचार करतो, हे का दिलं असेल? दार लागलेलंच होतं, तरी कोणीतरी येऊन कडी घातली. कडीचा आवाज ऐकू येतोच.

आणि मराठीत तर क्रियापदानेही एकदा वाक्य संपवलेलं असतं. ‘मी बघते.’ यात वाक्य तीनदा संपतं, एकदा ‘बघते’ म्हणून, एकदा टिंबाने, एकदा पाठवल्यावर.

हे नुसतं वाटण्यावर नाहीये. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले, एकाने काहीतरी विचारलंय आणि दुसऱ्याने ‘हो’, ‘ओके’ अशा धर्तीचं एका शब्दात उत्तर दिलंय. मेसेजमधल्या उत्तरामागे पूर्णविराम असेल तर ते उत्तर लोकांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असेल तर असा फरक दिसला नाही. म्हणजे दोष टिंबाचा नाही, टिंब कुठे बसलंय त्याचा.

“पण मी रागावून देतच नाही,” असं बाबा म्हणतात. मान्य. आणि यात आणखी एक गोम आहे, बऱ्याच फोनवर स्पेस दोनदा दाबली की टिंब आपोआप उमटतं. म्हणजे कितीतरी लोकांचा ‘राग’ फोनने परस्पर लिहिलेला आहे. मी मात्र ‘बरं.’ वाचलं की हे सगळं माहीत असूनही पोटात गोळा येणारी बाई आहे, ज्ञानाचा काही उपयोग होत नाही.

लांब मेसेज असेल, दोनतीन वाक्यांचा, तर मधली टिंबं कुणाला खुपत नाहीत हे लक्षात घ्या. तिथे ती कामावर असतात. खुपतं ते शेवटचं, आणि तेही मेसेज एकदोन शब्दांचा असेल तरच.

## तीन टिंबांचं गूढ

आमच्या सरांचा एकदा रात्री साडेनऊला मेसेज आला. ‘उद्या बोलू...’

मी त्या रात्री काय झोपले असेन. गेल्या सहा महिन्यांतल्या सगळ्या चुका आठवल्या, कुठली फाईल राहिली, कुणाला काय उलट बोलले. दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांना विचारायचं होतं की शेअर केलेल्या फाईलवर कमेंट कशी टाकायची.

हे जवळजवळ प्रत्येक घरात आहे. आत्या ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा...’ लिहिते आणि ती धमकी वाटते. पण आत्याच्या बाजूने बघा. तिने लिहायला शिकलं ते कागदावर. पोस्टकार्डावर जागा मोजकी, नवीन मुद्दा आला की नवीन ओळ घेणं परवडायचं नाही, म्हणून दोन सुट्या विचारांच्या मधे दोनचार टिंबं टाकायची आणि पुढे जायचं. इकडे सगळे बरे आहेत... परीक्षा झाली... तुमचं पत्र मिळालं... असं. तिथे तीन टिंबं म्हणजे नुसतं ‘आणि मग’. काही लपवलेलं नाही, काही सुचवलेलं नाही.

माझ्या पिढीला जागा फुकट मिळाली. नवीन मुद्दा आला की नवीन मेसेज, पाच मुद्दे तर पाच मेसेज, टिंग टिंग टिंग. त्यामुळे सुटे विचार वेगळे करायला टिंबांची गरजच पडली नाही, आणि आम्ही तीन टिंबं राखून ठेवली खास कामासाठी, म्हणजे टोमणा, संकोच किंवा ‘समजून घे’. आता आत्या तिच्या अर्थाने लिहिते, मी माझ्या अर्थाने वाचते. कोणीच चुकत नाहीये आणि दोघींचाही दिवस खराब जातो.

उलट बाजूने आत्यालाही माझे पाच तुकड्यांतले मेसेज उद्धट वाटतात, तिच्या भाषेत ‘एक वाक्य धड पूर्ण करत नाहीत ही मुलं’.

## उद्गारचिन्हावर फार काही म्हणायचं नाही

जुन्या बऱ्याच टाइपरायटरांवर उद्गारचिन्हाची वेगळी कळच नसायची. आधी वरची छोटी उभी खूण मारायची, मग एक घर मागे यायचं, मग खाली टिंब. तीन खटके. एवढं करून ज्याला ओरडायचंय तो खरंच ओरडत असणार. आता बोट दाबून धरलं की रांगच्या रांग, त्यामुळे भाव उतरलाय आणि एका उद्गारचिन्हाने कुणाचं समाधान होत नाही. ‘थँक्यू’ कोरडं, ‘थँक्यू!’ साधं, ‘थँक्यू!!!’ आता कुठे मनापासून. मी स्वतः एकावर थांबते, आणि मग वाटतं आपण तुसडे तर दिसत नाही ना.

## आता तो डॅश

आता येऊ माझ्यावरच्या आरोपाकडे. इंग्रजीत या लांब रेघेला एम डॅश म्हणतात. एम हे छापखान्यातलं माप, जेवढ्या आकाराचा टाईप तेवढी त्याची लांबी, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर असेल तर १२ पॉइंटची रेघ. छापील इंग्रजीत ती शेकड्याने सापडते, कारण ती फार सोयीची. स्वल्पविरामाने भागत नाही, कंस फार औपचारिक वाटतो, पूर्णविराम दिला तर लय तुटते, मग द्या रेघ.

एआयची मॉडेल्स शिकली ती माणसांच्याच लिखाणावर, त्यात पुस्तकं आली, मासिकं आली, संपादकांच्या हाताखालून गेलेला ढीगभर मजकूर आला. त्यामुळे डॅश ही मशीनची खोड म्हणायची तर ती आधी माणसांची आहे. मग संशय का येतो? माझ्या मते पूर्णविरामासारखंच झालंय. साध्या कीबोर्डवर लांब रेघेची कळ नाही, आखूड रेघेची आहे. म्हणून रोजच्या टाइप केलेल्या मेसेजमध्ये लांब रेघ क्वचित दिसायची, ती छापील पानावरची वस्तू होती. आणि जी वस्तू जिथली नाही तिथे दिसली की लोक विचारतात, ही इथे कुठून आली.

## “कळच नाही म्हणजे माणसाने टाइप केलंच नसणार, नाही का?”

हा युक्तिवाद मला त्या सहकाऱ्याने ऐकवला, अगदी केस सुटल्यासारखा. पण वर्डमध्ये दोन आखूड रेघा मारून पुढचा शब्द लिहिला की त्यांची आपोआप एक लांब रेघ होते. आयफोनवरही दोन रेघा जोडून लांब होतात. इतर फोनवर आखूड रेघ दाबून धरली की लांब मिळते. ज्यांना माहीत आहे ते वर्षानुवर्षं वापरतायत. त्यामुळे एका डॅशवरून कुणाला मशीन ठरवणं म्हणजे एखाद्याच्या शर्टाला इस्त्री आहे म्हणून तो त्याने स्वतः धुतलेला नाही असं म्हणण्यासारखं आहे. अख्ख्या मजकुरात माणूस आहे का ते बघा ना, ज्याला निरोप देतोय त्याची एखादी सवय, एखादा प्रसंग आलाय का.

तरी प्रामाणिकपणे सांगते, मीही असे निकाल देते. मराठी मेसेजमध्ये वाक्याच्या शेवटी उभा दंड दिसला की मला लगेच वाटतं हे हिंदीवरून उचललंय नाहीतर कुठल्यातरी ॲपने भाषांतर केलंय. आणि कधीकधी तो बिचारा फक्त हिंदी कीबोर्डवर मराठी टाइप करत असतो.

## “मग नियमांना काही अर्थच नाही का?”

आहे, आणि महागडा आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात एक कायदा होता, कुठल्या कामांना ओव्हरटाईम द्यायचा नाही त्याची त्यात यादी. यादीच्या शेवटी होतं ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’, आणि ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. आता डिस्ट्रिब्युशन म्हणजे मालाचं वितरण हे वेगळं काम, की वितरणासाठीचं पॅकिंग? ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले आम्ही वितरण करतो, पॅकिंग करत नाही, म्हणजे या यादीत आम्ही नाही, आमचा ओव्हरटाईम द्या. २०१७ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं वाक्य खरंच संदिग्ध आहे, आणि संदिग्ध आहे म्हणून कौल ड्रायव्हरांच्या बाजूने. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. नंतर तो कायदा दुरुस्त केला तेव्हा यादीत स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम घातले, ज्याला कोणी विचारत नाही त्या बिचाऱ्या अर्धविरामाला एकदाचं काम लागलं.

इंग्रजी यादीतल्या त्या शेवटच्या ‘आणि’ किंवा ‘किंवा’आधीच्या स्वल्पविरामावरून तिकडे लोक अक्षरशः हमरीतुमरीवर येतात, द्यावाच आणि देऊच नये असे दोन तट आहेत. मराठीत मात्र ‘वितरणासाठी पॅकिंग’ म्हटलं की एक अर्थ आणि ‘पॅकिंग किंवा वितरण’ म्हटलं की दुसरा. ‘साठी’ने भांडण मिटवलं. ५० लाख डॉलरचा प्रत्यय!

म्हणजे करार, कायदा, औषधाच्या सूचना, परीक्षेचा पेपर, इथे सिग्नल पाळायचा, आवड घरी ठेवायची. आणि मराठीत तर एक जागा अशी आहे जिथे लोक आवड समजून चक्क चूक करतात. ‘दु:ख’ असं लिहिताना बरेच जण विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकतात, दोन्ही दिसतात सारखे, उभी दोन टिंबं. पण विसर्ग हा अक्षराचा भाग आहे आणि अपूर्णविराम हे विरामचिन्ह, कॉम्प्युटरच्या लेखी दोन्हींचे कोड वेगळे. अपूर्णविराम टाकला की शब्दाचे दोन तुकडे पडतात, ‘दु’ आणि ‘ख’. मग फाईलमध्ये ‘दुःख’ शोधलं तर सापडतच नाही. पुढच्या वेळी ‘अंतःकरण’ किंवा ‘स्वतः’ लिहिताना बघा कीबोर्डवर कुठली कळ दाबताय.

आणि ते ‘विषय :-’ मधलं अपूर्णविराम अधिक रेघ? ती जोडगोळी जुन्या इंग्रजी छपाईत चालायची, आपल्या शाळांनी आणि अर्जांनी ती उचलली आणि जपून ठेवली. चूक नाही, गरजही नाही. मला आवडते, त्यामुळे मी देते. ही माझी आवड.

## “ठीक आहे, पण मी रोज काय वापरू?”

जे वापरताय तेच वापरा, पण समोरचा कागदावर शिकलाय की फोनवर, एवढं डोक्यात ठेवा. आत्याला मी आता पूर्ण वाक्यात, टिंबासकट लिहिते, तिला बरं वाटतं. मैत्रिणींना टिंब देत नाही. एआयच्या संशयासाठी मी डॅश सोडणार नाही, ज्याला विचारायचंय त्याने विचारावं.

सरांना मात्र मी एकदा धीर करून सांगितलं, की सर, तुमच्या त्या तीन टिंबांनी टीममधली सगळी रात्रभर जागी असतात. ते मनापासून हसले, म्हणाले अगं मला कल्पनाच नव्हती, आता नाही देणार. शब्दाला जागले. परवा रात्री त्यांचा मेसेज आला.

‘उद्या बोलू.’